चंदेरी झग्यातली मुलगी

१८ नोव्हेंबर

या घरात मराठी बोलणारी माणसं दोनच. त्यातल्या एकानं आज बोलणं सोडलं, म्हणून लिहायला बसले आहे.

सकाळी यांना घेऊन अस्पतालात गेले. डॉक्टरांनी पट्टी उघडली, वाकून पाहिलं, मग खुर्चीत नीट बसून म्हणाले, “देवेंद्र जी, अब उँगलियों की बात नहीं रही. घुटने के नीचे से काटना पड़ेगा. जितनी जल्दी हो, उतना अच्छा.” मी पदर तोंडाला लावला. हे खिडकीबाहेरच्या ऑटोंकडे बघत होते. जरा वेळानं म्हणाले, “नहीं कटवाना.” डॉक्टरांनी खूप समजावलं. विष वर चढेल, मग पायाचा नाही, जिवाचा प्रश्न येईल. यांनी पायजमा खाली ओढला आणि काठी मागितली.

शुगर वीसेक वर्षांची. पावसाळ्यात चप्पल चावून डाव्या अंगठ्यापाशी फोड आला, तो यांनी मोज्यात लपवून ठेवला. मला वास आला तेव्हा कळलं.

ऑटोत मी सारखी बोलत होते, हे गप्प. घरी आल्यावरही गप्प. नचिकेतला बंगळुरूला फोन लावला. तो म्हणाला, “आई, आप रोइए मत, मैं छुट्टी देखता हूँ.” मी मराठीत विचारते, तो हिंदीत उत्तर देतो. लहानपणापासून असंच चालत आलंय.

२१ नोव्हेंबर

दोन बोटं पार काळी पडलीत. पट्टी बदलताना मी तोंडाला रुमाल बांधत नाही. यांना वाईट वाटेल.

आज हात जोडले यांच्यापुढे. म्हटलं, “अहो, माझ्यासाठी तरी.” तर म्हणाले, “पाय माझा आहे ना?” चार दिवसांत एवढंच बोलणं झालं.

माझा राग मी कुणाला दाखवू? लग्न झाल्यापासून या माणसानं कशाचा हट्ट म्हणून केला नाही. सिंचाई विभागात बाबू होते, सगळी नोकरी मोठ, मऊरानीपुर, एरच अशी बाहेरगावीच गेली. बदल्यांच्या बाबतीत नशीबच फुटकं. मी इथं झाशीत मुलींच्या शाळेत हिंदी शिकवत राहिले, हे शनिवारी बसनं यायचे. कधी साहेबांकडे जाऊन म्हणाले नाहीत की मला घराजवळ आणा. आणि आता हट्ट केला तो हा.

२३ नोव्हेंबर

आज एक नवल घडलं.

नचिकेतचा फोन आला होता. नेहमीसारखं “बाबा, मान जाइए” वगैरे झालं. हे ऐकत होते, मध्येच म्हणाले, “एक पिक्चर होती. ‘पहियों की रानी’. इक्यासी की. तेरे फ़ोन पे मिलेगी क्या?”

मी बघतच राहिले. हा माणूस सिनेमाचं नाव घेतो? लग्नानंतर मला कधी सिनेमाला नेलं नाही. टीव्हीवर गाणी लागली की हे उठून ओसरीवर जायचे. सासरच्या घरचं सोवळं यांच्या अंगात मुरलंय, असंच मी समजत आले.

नचिकेत फोनवर हसायला लागला. “बाबा, आपको कैसे मालूम? वो तो आजकल बहुत फ़ेमस है. सबसे घटिया फ़िल्मों में आती है. हम ऑफ़िसवाले साथ बैठके देखते हैं, पेट पकड़के हँसते हैं.”

“भेज दे,” हे म्हणाले.

दुपारी त्यानं पाठवली. हे उशीला टेकून बघत बसले. मला बरं वाटलं. कशात तरी मन लागलं.

२५ नोव्हेंबर

सिनेमा बघत नाहीत, एकच गाणं बघतात. चाकांच्या बुटांवर नाचणारी एक नटी, चंदेरी झगा, मांड्यांपर्यंतच आखूड. संपलं की बोटानं मागे ओढतात आणि पुन्हा लावतात. सकाळी, दुपारी, जेवताना.

आज मी औषध घेऊन गेले तर मला म्हणाले, “इकडे ये. बघ. इथं उडी मारल्यावर डाव्या पायावर कशी उतरते. जराही डगमगत नाही. बघितलास पाय?”

मी म्हटलं, “बघितला.” गोळी हातावर ठेवली आणि आत आले.

बासष्ट वर्षांच्या बाईनं हे लिहू नये, पण लिहिते. मला ते टोचलं. माझ्या पायांकडे या माणसानं कधी पाहिलं असेल का? आणि स्वतःचा पाय सडत असताना परक्या बाईचा पाय न्याहाळायचा. देवानं बुद्धी फिरवली म्हणायची, दुसरं काय.

२८ नोव्हेंबर

बकुळावन्सं आल्या होत्या. माझ्या या मोठ्या नणंदेचं हे ऐकतात, म्हणून मीच बोलावलं होतं. आधी पायाबद्दल बोलल्या, रडल्या. हे हूं हूं करत राहिले. तेवढ्यात फोन वाजून बंद झाला आणि पडद्यावर ती चंदेरी झग्यातली दिसली.

वन्संचा चेहरा एकदम बदलला. म्हणाल्या, “देवेंद्र, अजून ते वेड गेलं नाही तुझं? आबांनी सगळं विहिरीत टाकलं तरी?”

यांनी फोन उलटा ठेवला.

स्वयंपाकघरात मी वन्संना विचारलं, “वन्सं, काय होतं हे?” त्या म्हणाल्या, “लग्नाआधीचं आहे. मुंबईला गेला होता मावशीकडे, तिथं नादी लागला. आबांनी परत जाऊ दिलं नाही. तुला कशाला सांगायचं म्हणून कुणी बोललं नाही. तू सुद्धा उकरू नकोस.”

मामंजींनी विहिरीत काय टाकलं असेल? तिचे फोटो असणार. चिठ्ठ्याही असतील.

म्हणजे चाळीस वर्षं मी ज्याच्या शेजारी झोपले, त्याच्या मनात ती होती. टीव्हीवर गाणं लागलं की उठून जायचे, ते सोवळं नव्हतं. सहन होत नव्हतं.

पायाचा वास आज माजघरापर्यंत आला.

१ डिसेंबर

यांना गुंगी आली होती. मी फोन घेऊन ओसरीवर बसले आणि सगळा सिनेमा पाहिला. सवत कशी आहे ते तरी कळू दे.

असला सिनेमा मी जन्मात पाहिला नाही. नायिकेचं नाव रानी. तिच्या बापाची गिरणी एका खलनायकानं बळकावलेली. त्याच्या टोपीवर लाकडी नाग, तो शिट्टी वाजवली की फणा हलवतो. त्याच्या क्लबात छतावर पत्र्याचा चंद्र टांगलाय आणि सगळे, वेटरसुद्धा, चाकांवर फिरतात. शेवटी जज्ज कोर्टात सांगतो की जो स्केटिंगची शर्यत जिंकेल त्याची गिरणी. आंधळी आई चाकांचा आवाज ऐकून डोळस होते. मी दोनदा एकटीच हसले. मग कशाला हसतेय असं वाटलं.

पण ते गाणं. त्यात मला हसू आलं नाही. खालून दिवे लावलेली फरशी, त्यावर ती येते आणि वाकून बसलेल्या माणसांच्या अख्ख्या रांगेवरून उडी मारते. मग एका पायावर गिरक्या घेत घेत खाली बसत जाते, जवळजवळ जमिनीला टेकते, आणि तशीच फिरत वर येते. कुठं जोर लावल्यासारखं वाटत नाही.

एक चमत्कारिक वाटलं. जवळून दाखवतात तेव्हा ती ठेंगणी, गुबगुबीत गालांची, पंख्यानं केस उडताहेत. लांबून नाचताना मात्र उंच, काटकुळी, खांद्यांत रुंद. सिनेमात कॅमेऱ्यानं असं करत असतील. आणि लांबून दिसते तेव्हा मान किंचित डावीकडे कललेली. ही मान कुठंतरी पाहिलीय असं वाटत राहिलं. शाळेतल्या एखाद्या मुलीची असेल.

रानी हे नाव ऐकून आपलं लग्न आठवलं. वरात या गल्लीत शिरली तेव्हा कोपऱ्यावरच्या पोरांनी केवढा गलका केला होता. “झाँसी की रानी आ गई, झाँसी की रानी.” ग्वाल्हेरची मी, नवीन सून, डोक्यावर शालू. मला इतका अभिमान वाटला होता. यांनी मात्र घोडी थांबवली आणि उतरून घरापर्यंत पायी चालत गेले. मला वाटलं, लाजले.

३ डिसेंबर

आज विचारलंच. पट्टी बदलून झाली, हात धुतले आणि समोर स्टुलावर बसले.

“तिचं नाव काय होतं?”

“कुणाचं?”

“तुमच्या त्या नाचणारीचं. वन्संनी सांगितलं मला. आता या वयात मी काही म्हणणार नाही. पण तिच्यापायी तुम्ही जीव देणार असाल तर नाव तरी कळू दे.”

हे माझ्याकडे बघत राहिले. आणि हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मला रडू फुटलं, तसे थांबले आणि माझा हात धरला.

“अगं, तो मी आहे.”

मला कळलं नाही. यांनी फोन लावला, गाणं काढलं, लांबचं चित्र आलं तिथं थांबवलं. “हा मी. झग्यातला. विग लावलाय. ती हिरॉइन चाकांवर उभीसुद्धा राहू शकत नव्हती. तिची जागा घ्यायला आणलेल्या मुलीचं मनगट मोडलं.”

मी मानेकडे पाहिलं. रोज सकाळी पेपर वाचताना बघते ती मान.

मग हे बोलत राहिले. इतकं बोलताना मी यांना कधी ऐकलं नव्हतं. रेल्वे कॉलनीतल्या लाकडी फरशीच्या हॉलमध्ये गार्डसाहेबांची मुलं स्केट करायची, तिथं शाळा चुकवून शिकले. विसाव्या वर्षी मुंबईला मावशीकडे टायपिंग शिकायला म्हणून गेले आणि संध्याकाळी स्केटिंगच्या मैदानावर पडून असायचे. तिथं सिनेमाचा नृत्यमास्तर आला. “मला म्हणाला, लड़के, फ़्रॉक पहनेगा? मी म्हटलं, चाकं नवी मिळणार असतील तर काहीही घालीन.” उडी पहिल्या झटक्यात बरोबर आली. दिवे धरणारे, सुतार, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिरॉइननं स्वतः येऊन खांद्यावर शाल घातली.

“मग?”

“मग सिनेमा झाशीत लागला. मी मुद्दाम मुंबईहून आलो. गल्लीतल्या सगळ्या मित्रांना घेऊन गेलो. मला वाटलं, खूश होतील. गाणं आलं तेव्हा सांगितलं, तो मी.” यांनी फोन खाली ठेवला. “थिएटरातच ओरडायला लागले. ओ रानी, झाँसी की रानी. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत झालं. आबा देवळात पूजा सांगायला गेले तर तिथंही कुणीतरी विचारलं, आपकी बिटिया कैसी है. आबांनी माझे स्केट विहिरीत टाकले. मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं.”

मी वरातीचं विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. इतकी वर्षं मी ते स्वतःचं म्हणून जपलं होतं.

मीच म्हटलं, “आणि बदल्या?”

“मागून घेतल्या. बाहेर कुणी त्या नावानं हाक मारत नव्हतं. तुला इथं एकटं ठेवलं. ते चुकलंच.”

मग म्हणाले, “हा पाय गेला की ते खरं होतं याला काही पुरावाच राहत नाही. सिनेमात नावं येतात त्यातसुद्धा माझं नाव नाही.”

मी म्हटलं, “मी पाहिला ना आता. मला माहीत आहे.”

“परत बघ,” म्हणाले. आम्ही दोघांनी ते गाणं तीन-चारदा पाहिलं. यांनी मला सांगितलं, गिरकीत डोळे एका जागी कसे ठेवायचे.

४ डिसेंबर

सकाळी चहा घेताना म्हणाले, “डॉक्टरला फोन कर. काप म्हणावं.”

डॉक्टर म्हणाले, उशीर बराच केलात, आधी ताप उतरवू, मग बघू. मला वाटतं वाचतील. माणूस मनानं तयार झाला की शरीर ऐकतं.

७ डिसेंबर

नचिकेत आला. पाय बघून बाहेर गेला आणि नळाखाली तोंड धुत राहिला. मग वडिलांपाशी बसला. याला वडिलांशी काय बोलावं ते कधी सुचत नाही. हे शनिवारी येणारे वडील; दोघांची ओळख तशी कमीच.

“बाबा, आपको वो फ़िल्म अच्छी लगी ना? रुकिए, इससे भी मस्त चीज़ दिखाता हूँ.”

फोनवर दोन तरुण पोरं. डोक्यावर विग लावून सोफ्यावर बसलेली, जुन्या सिनेमांची टिंगल करतात. त्यांनी ते गाणं लावलं, थांबवलं आणि चंदेरी झग्याखालच्या पोटऱ्यांभोवती लाल गोल काढला. “भाई, ये हीरोइन है कि अखाड़े का पहलवान? पिंडलियाँ देख इसकी.” मग गाढवाच्या ओरडण्याचा आवाज टाकला.

नचिकेत हसत होता. वडिलांना हसवायला जास्तच हसत होता. मी तोंड उघडलं तसं यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. आणि स्वतः हसले.

“हाँ,” म्हणाले, “पिंडली तो मर्द की ही है.”

“है ना?” नचिकेत खूश झाला. “बाबा, आप पहली बार मेरे साथ किसी बात पे हँसे.”

मी उठून आत गेले आणि डाळ निवडत बसले. निवडून झालेलीच पुन्हा निवडली.

१० डिसेंबर

काल ऑपरेशन झालं. हे शुद्धीवर आले, पाणी मागितलं. चादर डाव्या बाजूला खाली बसलेली दिसते. मी तिकडे न बघायचं ठरवलं होतं, पण नजर जातेच.

मधली गोष्ट लिहायची आहे.

ऑपरेशननंतर एक माणूस बाहेर येऊन म्हणाला, “पैर ले जाएँगे कि यहीं से निपटा दें?” नचिकेत घाईनं म्हणाला, “यहीं, यहीं.” मी म्हटलं, “नाही. आम्ही नेणार.” “आई, प्लीज़.” मी त्या माणसाला हिंदीत सांगितलं, ले जाएँगे.

पिवळ्या पिशवीत गुंडाळून आणून दिला. मी शाल घेऊन गेले होते, तीत धरला. वाटलं होतं त्याहून जड. ऑटोत मांडीवर घेऊन बसले. नचिकेत दुसऱ्या टोकाला सरकून बाहेर बघत होता.

मुक्तिधामात लहान मुलांना पुरतात त्या बाजूला गेलो. फावडंवाल्यानं माझ्या हातातल्या शालीची लांबी बघितली आणि आवाज खाली आणून विचारलं, “बच्चा है, अम्मा?”

“नहीं भैया. पैर है. हमारे पति का.”

त्यानं खड्डा खणला. म्हणाला, “इसका मंतर तो हमको नहीं मालूम. हाथ जोड़ लीजिए.” मीठ टाकलं, माती टाकली. मी हात जोडले. नचिकेत चिडून माझ्याकडे वळला.

“आई, इसकी क्या ज़रूरत थी? बताइए मुझे, क्या ज़रूरत थी?”

मग मी सांगितलं. यांनी नको म्हणून मान हलवली होती, तरी सांगितलं. तिथंच उभी राहून, मराठीत. पहियों की रानी, झगा, उडी, गल्ली, विहीर. तो सगळं ऐकत होता. त्याला मराठी सगळी कळते.

बऱ्याच वेळानं म्हणाला, “मैंने उनको वो वीडियो दिखाया.”

“हो.”

“वो हँसे थे.”

“हो.”

त्यानं मातीकडे पाहिलं. मग खाली बसून ओंजळीनं माती ओढून सारखी करायला लागला. फावडंवाला म्हणाला, “रहने दो बाबू, हम कर देंगे.” पण तो करत राहिला.

१६ डिसेंबर

ताप उतरत नाही. टाके ओले आहेत. डॉक्टरांनी नचिकेतला आणि मला बाजूला घेतलं. वर, मांडीतून काढावं लागेल. हृदय अशक्त आहे, टेबलावर काहीही होऊ शकतं. आणि केलं तरी खात्री नाही.

यांना विचारलं. म्हणाले, “आता पुरे.”

मागच्या महिन्यात मी या माणसापुढे हात जोडत होते, कापू द्या म्हणून. आज जोडले नाहीत. मी काही बोलायच्या आधी नचिकेतच डॉक्टरांना म्हणाला, “हम घर ले जाएँगे.”

रात्रीऐवजी दुपारीच अस्पतालाची गाडी मिळाली. धुकं होतं. घरी आल्यावर म्हणाले, “ओसरीवर ऊन येतं तिथं टाका मला.”

२३ डिसेंबर

नचिकेत परत गेला नाही. आतल्या खोलीत कॉम्प्युटर लावून बसलेला असतो. मला वाटत होतं ऑफिसचं काम करतोय.

आज दुपारी ऊन चांगलं होतं. कॉम्प्युटर घेऊन ओसरीवर आला. “बाबा, इसका साफ़ प्रिंट मिला है. देखेंगे?”

तेच गाणं. पण त्यातला नटीचा चेहरा कुठंच नव्हता. गुबगुबीत गाल, उडणारे केस, सगळं काढून टाकलेलं. खलनायकाचा नागही नाही. नुसती ती फरशी आणि तिच्यावर हे. येतात, उडी मारतात, फिरतात, खाली बसतात, वर येतात. एवढंसंच राहिलं होतं, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच माणूस.

यांनी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी सुपारी कातरत राहिले, मान वर केली नाही.

“किसने काटा?” यांनी विचारलं.

“मैंने.”

“अच्छा काटा है.”

नचिकेत “हूँ” म्हणाला आणि यांच्या पायावरची चादर सारखी केली. जरा वेळानं यांना झोप लागली.

२७ डिसेंबर

पाणीसुद्धा चमच्यानं. बोलणं तुटक. आज मला “आई” म्हणाले.

६ जानेवारी

तीस तारखेला सकाळी गेले. त्याविषयी लिहवत नाही.

सुतक आहे. माणसं येऊन बसतात आणि जातात. सिंचाई विभागातले जुने सहकारी आले, सगळ्यांनी एकच सांगितलं, देवेंद्र जी सीधे आदमी थे, कभी ऊँची आवाज़ में नहीं बोले. खरं आहे. मी मान हलवत होते.

आज दुपारी गल्लीतले चार-पाचजण आले. त्यांत गजाननराव. पलीकडच्या घरातले, यांच्याच वयाचे, गल्लीत उरलेल्या मराठी माणसांपैकी एक. वन्संही होत्या. इकडचं तिकडचं झालं. मग गजाननराव भिंतीवरच्या फोटोकडे बघत, जरासं हसून म्हणाले, “वहिनी, तुम्हाला ठाऊक नसेल. तरुणपणी आम्ही सगळे याला रानी म्हणायचो.”

वन्संनी खाकरल्यासारखं केलं. एकजण जमिनीकडे बघायला लागला. गजाननरावांच्या लक्षात आलं, तसे म्हणाले, “पोरवयातली गोष्ट, दुसरं काही नाही.”

मी म्हटलं, “ठाऊक आहे. बघायचंय?”

ते गोंधळले. “काय?”

“नचिकेत, लाव.”

वन्सं म्हणाल्या, “रुपाली, सुतकात?” मी ऐकलं नाही. नचिकेतनं टीव्हीला जोडून लावलं. फोनवर बोटाएवढे बघितलेले हे, आता भिंतीएवढे. चंदेरी झगा, मान डावीकडे. आले आणि उडी मारली.

वन्संनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग पदर काढून बघत राहिल्या. इतक्या वर्षांत पोस्टरपलीकडे त्यांनीही काही पाहिलं नव्हतं.

संपलं. नचिकेतनं टीव्ही बंद केला. गजाननराव दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून काळ्या पडद्याकडे बघत होते.

“हे त्या दिवशी दिसलंच नाही आम्हाला,” म्हणाले. “ओरडत होतो ना.”

बाकीचे एकेक करून उठले, नमस्कार करून गेले. गजाननराव बसूनच राहिले. उठावं की आणखी काही म्हणावं, त्यांना कळत नव्हतं. आणि मी मदत केली नाही.